अठरा इंचांचं माप

दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस दुकानात ठेवू नये, एवढी अक्कल मला होती. चौथीपुढे मी शाळा बघितली नाही, पण दुकान कसं चालवायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही सेतुमाधव राव नावाचा माणूस चार वर्षं माझ्या दुकानातल्या लोखंडी स्टुलावर बसून राहिला आणि चार वर्षं त्याने माझं डोकं खाल्लं. परवा एका गाडीवाल्याने मला विचारलं की त्याच्या नव्या गाडीला वीस इंचांची रिम शोभेल का. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला शोभेल हो, पण गाडीला विचारलं का?" तो हसला. मी हसलो नाही, कारण ते वाक्य माझं नव्हतं, रावांचं होतं. ज्या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा, तेच माझ्या तोंडात येऊन बसलंय.

आमच्या खानापूर तालुक्यातली माणसं सोनं गाळायला देशभर जातात. माझे चुलते मद्रासला साहुकारपेठेत भट्टीवर होते, मीही तिथेच आलो. ॲसिडचा धूर मला मानवेना. भट्टी सोडली, पंक्चर काढायला शिकलो आणि बऱ्याच वर्षांनी शोळिंगनल्लूरला रस्त्याकडेला स्वतःचं टायरचं दुकान टाकलं. तेव्हा तिथे सुरूची झाडं आणि खाऱ्या पाण्याची तळी होती. मग कंप्युटरच्या कंपन्या आल्या, रस्ता रुंद करायला खणून ठेवला आणि जमिनी विकलेल्या लोकांच्या दारात लांबलचक परदेशी गाड्या उभ्या राहिल्या. गाडी घरी आली की महिन्याभरात तिची चाकं बदलायची, अशी रीतच पडून गेली होती. कंपनीची चाकं कितीही चांगली असोत, शेजाऱ्याच्या गाडीला नसेल अशी रिम पाहिजे आणि त्याच्यापेक्षा एक इंच मोठी पाहिजे. माझा धंदा त्या एका इंचावर चालायचा.

आणि त्या इंचाच्या आड आला तो हा माणूस.

पहिल्या दिवशी राव स्कूटरमध्ये हवा भरायला आले होते. अंगात अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि पट्टी, कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ. मी एका गाडीला चाक चढवत होतो. हवा भरता भरता ते तमिळमध्ये म्हणाले की हे चाक या गाडीचं नाही, फार बाहेर येतंय, बेअरिंग खाईल. मी आपल्याशीच मराठीत पुटपुटलो, "आला शहाणा."

"शहाणा नव्हे जी, इन्स्पेक्शनमध्ये होतों," स्कूटरवरचा माणूस म्हणाला.

मी पाना खाली ठेवला. त्यांचं मराठी ऐकून मला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. शब्द आपलेच, पण चाल तमिळ आणि वळण फार जुनं. "अम्ही पण मऱ्हाटीच अहों. तंजावूरचे," ते म्हणाले. मग माझं गाव विचारलं, मी सांगितलं. थोडा वेळ माझं बोलणं ऐकून घेऊन ते गंभीरपणे म्हणाले की तुम्ही महाराष्ट्रातले असून तुमची भाषा अशी तोकडी कशी, आमच्या आजीने ऐकलं असतं तर तुम्हांस परत शाळेंत घातलं असतं. शाळेचं नाव काढलं की मला आजही झोंबतं. त्या दिवशीही झोंबलं. पण ते मला 'जाधवराव' म्हणाले. गावात मला तसं कुणी म्हणत नव्हतं. बस म्हणालो.

ते एका मोटारीच्या कारखान्यात चाकं तपासायच्या खात्यात आयुष्य काढून रिटायर झाले होते. त्यांनी माझ्याकडे पगार मागितला नाही. मी देऊ केला तर म्हणाले, पगार घेतला तर तुमचं ऐकावं लागेल. सकाळी नऊला यायचे, एकला जायचे. कॉफी त्यांच्याच डबरा-पेल्यातून, म्हणजे तिकडच्या वाटी-पेल्यातून, प्यायचे, ओठ न लावता, वरून. हातात कायम रोज एक पान फाडायच्या तमिळ कॅलेंडरची मागच्या दिवसांची पानं. त्यांच्या कोऱ्या बाजूवर ते गाड्यांची मापं लिहायचे आणि घडी करून गाडीच्या मालकाच्या खिशात कोंबायचे, मालकाला हवी असोत नसोत.

एकदा शेजारच्या कंप्युटर कंपनीतला एक साहेब तणतणत आला. त्याने दुसरीकडून मोठे टायर बसवून घेतले होते आणि पोलिसाने त्याला वेगासाठी अडवलं होतं. काटा तर साठच दाखवत होता, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, काटा बिघडला असेल. रावांनी खडू काढला. खडूने टायरवर एक रेघ मारली, तिच्या बरोबर खाली जमिनीवर दुसरी मारली आणि साहेबालाच गाडी ढकलायला लावली. चाक एक फेरा फिरून रेघ खाली आली तिथे तिसरी खूण केली. मग जुनं चाक लावून तेच पुन्हा. दोन खुणांमध्ये अर्ध्या वितीचा फरक. "प्रत्येक फेऱ्याला तुमची गाडी इतकी पुढे जाते, काट्याला पत्ताच नाही," राव म्हणाले. रिम मोठी घ्या, पण टायर तेवढाच पातळ घ्या, बाहेरची उंची हलता कामा नये, हे त्यांनी त्या माणसाला घामाघूम करून शिकवलं. साहेब खूश झाला. मी मात्र वैतागलो, कारण माझ्या दुकानासमोरची फरशी आठवडाभर खडूने भरलेली होती आणि जो येईल तो आपली गाडी ढकलून बघत होता.

दुसरी तऱ्हा कणकेची. रिमच्या आतल्या बाजूला ब्रेकचा जबडा असतो. नवी रिम त्याला घासते का हे बाहेरून दिसत नाही. राव घरून केळीच्या पानात कणकेचा गोळा आणायचे. जबड्यावर कणीक थापायची, चाक चढवायचं, हाताने फिरवायचं, उतरवायचं आणि उरलेल्या कणकेची जाडी पट्टीने मोजायची. लाखालाखांच्या गाडीला कणीक लावताना बघून गिऱ्हाइकांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. रावांच्या बायकोने एकदा मला सांगितलं की घरात चपात्या कमी पडल्या तर आम्ही समजतो, आज कुणाची तरी मोठी गाडी आली.

आणि तोंडाला तर कुलूप नव्हतंच. एका साड्यांच्या दुकानाचे मालक बायकोला घेऊन आले होते. गाडी लांब, चाकं रुंद पाहिजेत. रावांनी विचारलं, मागच्या सीटवर कोण बसतं. ते म्हणाले, ही बसते. "मग मॅडमचं वजन सांगा, सार," राव म्हणाले. गाडी रिकामी असताना चाक मडगार्डला लागत नाही, माणूस बसल्यावर लागतं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण तो माणूस लाल झाला, गाडीत बसला आणि निघून गेला. मी रावांना म्हणालो की तुम्ही माझं दुकान बुडवायला आलाय का. ते पेला धूत राहिले. दुसऱ्या दिवशी ती बाई स्वतः नवऱ्याला ओढून घेऊन आली, मागच्या सीटवर बसली, त्यालाही शेजारी बसवलं आणि म्हणाली, आता मोजा. राव जमिनीवर आडवे होऊन मोजत होते आणि माझ्याकडे मान वळवून बघतसुद्धा नव्हते. हा माणूस बरोबर निघाला की आणखीनच राग यायचा.

मी हे सगळं का सहन केलं ते माझं मलाही सांगता येत नाही. माझा भरवसा हातावर होता. बोल्ट किती आवळायचा हे माझा हात सांगतो, मला कागद लागत नाही, हे मी चारचौघांत म्हणायचो. राव त्यांचा, आवळण्याचा जोर मोजणारा काट्याचा पाना घेऊन माझ्यामागून यायचे आणि मी आवळलेला प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासायचे. चार वर्षांत माझा एकही सैल निघाला नव्हता. ते दर वेळी मान हलवायचे आणि मला दर वेळी अपमान वाटायचा.

आता सेल्वराजची गोष्ट. त्याच्या वडिलांच्या भातखाचरावर आता काचेची इमारत उभी आहे. त्याने काळी जर्मन गाडी घेतली, सोळा इंचांच्या चाकांची. त्याला वीस पाहिजे होती. त्याच्या मेव्हण्याकडे एकोणीस होती, म्हणून वीस. रावांनी त्याला पंधरा दिवस घोळवलं. खडू झाला, कणीक झाली, मागच्या सीटवर सेल्वराजची आई, बायको आणि दोन मुली बसवून झाल्या. रावांचं म्हणणं एकच होतं: वीसच्या रिमवर टायरची भिंत दोन बोटांचीसुद्धा राहत नाही, आणि आपला रस्ता खणलेला आहे. पहिल्या खड्ड्यात रिम तडकेल. अठरा घ्या. गाडी भरली तरी घासणार नाही, उंची तीच राहील आणि दिसायलाही चांगली. सेल्वराज चिडायचा, जायचा, परत यायचा. शेवटी त्याची आई म्हणाली, म्हातारा सांगतो ते कर, मुली बसणार आहेत गाडीत. अठरावर मांडवली झाली. रावांनी कॅलेंडरच्या पानावर सगळं लिहून दिलं, रुंदी, भोकांचं अंतर, चाक किती आत बसायचं ते, आणि खाली सही केली. कुणी कधी चाकाच्या मापाखाली सही केलेली मी पाहिली नव्हती.

चाकं आली ती शुक्रवारी सकाळी. त्याच दिवशी सेल्वराजच्या धाकट्या मुलीचे कान टोचायचे होते, वंदवाशीच्या पुढे त्यांच्या कुलदैवताच्या देवळात. नवी चाकं लावून, चाकांखाली लिंबं ठेवून, ती चिरडून गाडी निघणार होती. शुक्रवारी राहुकाळ साडेदहाला लागतो. त्याच्या आत गाडी हलायलाच हवी होती. चेन्नईत राहुकाळ म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. त्या दीड तासात माणसं नवा रुमालसुद्धा वापरायला काढत नाहीत.

खोकी उघडली तर नव्या रिमचे बोल्ट आलेच नव्हते. जुने बोल्ट होते. आटे तेच, लांबी तीच. रावांनी एक हातात घेतला आणि मला बाजूला घेऊन रिमचं भोक दाखवलं. जुन्या बोल्टचं डोकं खालून गोल होतं, वाटीच्या बुडासारखं. नव्या रिमचं भोक सरळ उताराचं, नरसाळ्यासारखं. गोल डोकं उतारावर कडेपुरतं टेकणार. सेल्वराजला ते एवढंच म्हणाले, पुदुपेट्टईच्या सुट्या भागांच्या बाजारातून दुपारपर्यंत दुसरे बोल्ट येतील, तोवर थांबा. सेल्वराजने घड्याळ बघितलं. दहाला पाच कमी होते. गाडीत आजी बसलेली, मुली बसलेल्या, छोटीच्या केसांत फुलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी एक बोल्ट लावून आवळला. चांगला कडक आवळला गेला. म्हणालो, "बसला की. माझ्या हाताला कळतं."

"आवळला गेला, जाधवराव. बसला नाही," राव म्हणाले.

हे ते मराठीत म्हणाले, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. मला वाचवायलाच ते मराठीत बोलले होते. पण मला ते सोसलं नाही. मी तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की दुकान कुणाचं आहे, माझं की यांचं? चार वर्षांत माझा एक बोल्ट सैल निघालाय का, विचारा यांना. रावांनी खरं तेच सांगितलं, नाही निघाला म्हणाले. सेल्वराज म्हणाला, झालं तर. मी वीसच्या वीस बोल्ट आवळले, लिंबं ठेवली, कापूर पेटवला.

गाडी निघणार तेवढ्यात राव मागून पिवळी कापडी पिशवी घेऊन आले, सेल्वराजला म्हणाले की मला चेंगलपट्टूला भाच्याकडे जायचंय, तिथवर सोडाल का. सेल्वराजने पुढचं दार उघडलं. रावांना चेंगलपट्टूला कुणी भाचा नव्हता. पिशवीत काट्याचा पाना होता, तिचा आकार मला दिसला. मला वाटलं, चाललाय मला खोटं पाडायला. लिंबं चिरडली आणि गाडी गेली.

साडेअकराला फोन आला. सेल्वराज ओरडत होता, काय ते नीट कळेना. जुनी चाकं घेऊन ये, एवढं कळलं. मी मालवाहू टेम्पो केला. तांबरमच्या पुढे गर्दी होती. त्या टेम्पोत जुन्या चाकांना धरून बसलो होतो तेव्हा मला काय काय दिसत होतं ते मी लिहिणार नाही. छोटीच्या केसांतली फुलं दिसत होती, एवढंच लिहितो.

चेंगलपट्टूच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला काळी गाडी उभी होती आणि मोरीच्या कठड्यावर राव एकटेच बसले होते. बाकीच्यांना त्यांनी भाड्याच्या व्हॅनमधून देवळात पाठवून दिलं होतं. वाटेत त्यांनी दोनदा कॉफीच्या निमित्ताने थांबायला लावलं. पहिल्यांदा सगळं ठीक होतं. दुसऱ्यांदा डाव्या मागच्या चाकाचे तीन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होते.

 मी जॅक लावला. नवं चाक उतरवलं तेव्हा त्यांनी भोकावर नख टेकवून दाखवलं. उतारावर केसाएवढी एक चकचकीत रेघ होती. बोल्ट तेवढ्यावर टेकला होता, बाकी सगळा हवेत. मग मी वाटीसारख्या भोकांचं जुनं चाक चढवलं आणि तेच बोल्ट पुन्हा लावायला घेतले. आवळताना शेवटी शेवटी पाना मऊ झाला, मग एकदम थांबला. आत काहीतरी आपल्या जागी जाऊन बसल्याचं मनगटाला कळलं. सकाळी हे कळलं नव्हतं. सकाळी नुसता कडकपणा कळला होता आणि मी त्याला बसणं म्हणालो होतो. ज्या हाताचा मी आयुष्यभर तोरा मिरवला, त्यानेच मला सांगितलं की राव बरोबर होते. मी वर बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

चारही चाकं झाली. व्हॅन परत यायला दोन तास होते. आम्ही दोघे त्या कठड्यावर बसलो, मध्ये हातभर जागा. दोन तास पुष्कळ असतात. चुकलं, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी दर वेळी तोंड उघडलं आणि वाहनांबद्दल काहीतरी बोललो.

व्हॅन आली. छोटीच्या कानांत सोन्याच्या तारा होत्या आणि ती रडून झोपली होती. सेल्वराज उतरला तो थेट माझ्याकडे. काय झालं ते मला आता समजलं पाहिजे, म्हणाला. माझी आई होती गाडीत, मुली होत्या. सांग, कुणाची चूक.

 मी सांगणार होतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण त्याआधी राव उठले.

"माप माझं होतं, सार. माझ्या सहीचा कागद तुमच्याकडे आहे," ते तमिळमध्ये म्हणाले. "अठरा या गाडीला बसत नाही, म्हणून बोल्ट सैल झाले. माझं चुकलं."

सेल्वराजने खिशातून ते कॅलेंडरचं पान काढलं आणि फाडलं. तो त्या म्हाताऱ्या माणसाला नको नको ते बोलला, आईसमोर, बायकोसमोर. ज्याने त्याच्या मुली गाडीतून उतरवल्या त्याला. आई मध्ये पडली, पण तिचं कोण ऐकतं. राव हात मागे बांधून उभे होते, कारखान्यात साहेबापुढे उभं राहत असतील तसे. अठराचं माप केसभरही चुकलेलं नव्हतं. हे त्या रस्त्यावर दोनच माणसांना माहीत होतं. एकजण खोटं बोलला, दुसरा गप्प बसला.

माझं दुकान राहिलं, नाव राहिलं. सेल्वराजने महिन्याभरात दुसरीकडे जाऊन वीसची चाकं बसवली, अठरा चालत नाही हे सिद्धच झालं होतं ना. दिवाळीच्या आत खड्ड्यात एक रिम तडकली. माणसांना काही झालं नाही, हे माझं नशीब, त्याचं नव्हे. ते ऐकून मला एवढी चीड आली की मी हातातला पाना फरशीवर आपटला. चीड सेल्वराजची होती, रावांची होती. कुणी सांगितलं होतं त्यांना माझं नाव सांभाळायला? मी मागितलं होतं का? एवढं बरोबर माप देणाऱ्या माणसाने असं घाण काम का करावं, हे मला त्यांना विचारायचं होतं. ते दुकानात परत आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो नाही. तिसऱ्या वर्षी ते वारल्याचं स्कूटर दुरुस्त करणाऱ्याकडून कळलं.

त्या दिवशी मोरीपाशी, सेल्वराजची गाडी निघून गेल्यावर मी रावांना म्हणालो, टेम्पोत बसा, जागा आहे. ते म्हणाले, नको, बस येईल. समोरच थांबा होता. मी नवी चाकं टेम्पोत चढवली, दोऱ्या बांधल्या, बांधून झालेल्या पुन्हा बांधल्या. पहिली बस आली, भरलेली होती, ते चढले नाहीत. दुसरी आली, तिच्यातही ते चढले नाहीत. उन्हात पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभे राहिले. मधला रस्ता चाळीस पावलांचा असेल. मी टेम्पोच्या फाळक्याला धरून उभा होतो. तिसरी बस आली, तिच्यात बसायला जागा होती. ते मागच्या दाराने चढले, खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि तिकिटासाठी शर्टाच्या खिशात सुटे पैसे चाचपू लागले.